देवावर भार टाकणे म्हणजे नेमके काय?

सुपारीचे आगर (श्रीवर्धन तालुका) :

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आई आणि मी माजघराच्या कोपऱ्यात बसून होतो. कौले एकामागून एक उडत होती, पण आमचे कान लागले होते ते मागच्या आगराकडे, कारण सुपारीचे झाड मोडते तेव्हा ऊस कडाडून मोडावा तसा आवाज होतो आणि तो आवाज दीड-दोन तास थांबलाच नाही. संध्याकाळी मागचे दार ढकलून बाहेर आलो, तर जिथे भर दुपारीही सावली असे तिथून थेट समुद्रापर्यंतचे आभाळ दिसत होते. रोठा जातीच्या सुपारीची चारशेच्या आसपास झाडे होती, त्यांतली साठ-बासष्ट उभी राहिली. माड एकतीस होते, त्यांतले नऊ राहिले. बरीचशी झाडे माझ्या आजोबांच्या हातची होती.

मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या आठवड्याविषयी. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पाऊस कधीही सुरू होईल अशी स्थिती होती. छपरावर ताडपत्री ओढून मी कौलांच्या शोधात निघालो, तर आईने मला थांबवले आणि आधी केळीचे मुनवे (लावायचे कोंब) आणि सुपारीची रोपे कुठे मिळतील याची चौकशी करायला सांगितले. ती तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. मी चिडलो. "सुपारी धरायला पाच-सहा वर्षे लागतात, भर उत्पन्नाला दहा. तू कोणासाठी लावतेस?" असे मी तिला विचारले, आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर मला लाज वाटली. आडव्या झाडांचे झाप कोयत्याने बाजूला करता करता ती म्हणाली, "लावायचे माझ्याकडे आहे, धरायचे त्याच्याकडे आहे. माझे मी करते."

त्या पावसात आम्ही आधी केळी लावल्या, कारण सुपारीचे कोवळे खोड नैर्ऋत्येच्या उन्हाने करपते आणि त्याला पहिली काही वर्षे केळीची सावली लागते. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला धरून उत्तरेकडे गेले, तेव्हा त्या केळीही झोपल्या. आईने त्या पुन्हा लावल्या आणि त्याच पावसात त्यांच्या ओळींत सुपारीची रोपे घातली. यंदा त्यांतल्या काही झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे.

या काळात "देवावर भार टाका" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. काही जणांनी ते म्हटले आणि हातपाय गाळून बसले. माझ्या आईने ते एकदाही म्हटले नाही, पण मला वाटते की खरा भार तिनेच टाकला होता. हा फरक मला शब्दांत पकडता येत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यावर विहीर भरते, आगर जगते, आणि त्या पावसाला आम्ही देवाची कृपा म्हणतो. तो पाऊस ज्या समुद्रावरून येतो त्याच समुद्रावरून ते वादळही आले. एकाला कृपा म्हणायचे तर दुसऱ्याला काय म्हणावे? या चर्चामंचावर वेगवेगळ्या श्रद्धेची माणसे आहेत, समुद्राशी रोजचा संबंध असलेली आहेत, म्हणून विचारतो आहे.

बंदरकाठ (हर्णै) :

आपल्या आईंना माझा नमस्कार सांगावा.

आमचे घर तांडेलाचे, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचे. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण भरतीची वेळ त्यांना घड्याळाशिवाय सांगता येत असे. तिथीला पाऊणपट केले की वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पुढे शाळेत मी चंद्र-सूर्याचे आकर्षण शिकलो, भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे का सरकते ते कळले, आणि घरी येऊन आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितले की यात देवाचे काही नाही, हा हिशेब आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हिशेब रोज जुळतो ना?" मी म्हटले, जुळतो. "मग तेच," एवढेच ते म्हणाले. मला तो अर्थ उमगायला वीस वर्षे लागली. त्यांच्या दृष्टीने देवाचे राखणे म्हणजे नियम मोडून केलेला चमत्कार मुळीच नव्हता. समुद्र आपला शब्द पाळतो, त्या शब्दावर विसंबून होडी पाण्यात लोटता येते, ही त्यांची रोजची श्रद्धा होती.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत मी एवढेच सांगेन की आमच्याकडे विसंबणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे मानली जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी आता कायद्याने आहे, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ आहे. पण पावसाळ्यात होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवण्याची रीत त्या कायद्याहून कितीतरी जुनी. बंदी उठली तरी जुनी माणसे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत. पूजा होते, नारळ समुद्राला दिला जातो, आणि त्याच दिवशी इंजिन, जाळी, दोर, वायरलेस, लाइफ जॅकेट यांची झडती घेतली जाते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेकडून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना येते, तीही आम्ही पाहतो. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होड्या खाडीत आत जातात. "देव राखील" म्हणून बावट्याखालून बाहेर पडणाऱ्याला आमच्याकडे कोणी भक्त म्हणत नाही. त्याच्या होडीवर चढायला खलाशी मिळत नाहीत.

वादळाचे मात्र मला उत्तर नाही. समुद्रात गेलेले आणि परत न आलेले दोन जण आमच्या घरात आहेत. त्यांच्या नावाने आई अजूनही समुद्राकडे तोंड करून हात जोडते, आणि ती समुद्रावर रागावलेली मी कधी पाहिली नाही. ते तिला कसे जमते, हे मला माहीत नाही.

कातळसडा (राजापूर तालुका) :

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून माझी शंका स्पष्टपणे मांडतो. कोणाच्या श्रद्धेला धक्का देण्याचा हेतू नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर मी मदतीसाठी गेलेल्या एका गटात होतो. चिखल उपसत असताना कोणीतरी म्हणाले, "त्याच्या मनात होते ते झाले." ज्याचे घर आम्ही उपसत होतो तो गृहस्थ काहीही न बोलता उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून हे वाक्य मला ऐकवत नाही. ज्याचे काही गेलेले नाही त्याने ज्याचे सर्व गेले आहे त्याला ते ऐकवणे मला क्रूर वाटते.

शिवाय देवाच्या नावावर आपण माणसांची कामे ढकलतो. नदीत गाळ साचणे, डोंगराच्या पायथ्याशी धोका असूनही वस्ती तशीच राहणे, इशारा वेळेवर न पोहोचणे, यांतले काय देवाचे आणि काय आपले? चिपळूणकरांनी पुरानंतर गाळ काढण्याचा आग्रह धरला आणि ते काम झाले. "देवाची इच्छा" म्हणून ते स्वस्थ बसले असते तर गाळ तिथेच राहिला असता. माझा प्रश्न असा की, जिथे माणसाची चूक संपते तिथून पुढेच जर देवाची इच्छा सुरू होत असेल, तर आपली समज वाढेल तशी त्याची जागा लहान होत जाणार नाही का?

सुपारीचे आगर :

कातळसडा, तुम्ही सांगितलेल्या गृहस्थांचे उठून जाणे मला कळते. आमच्याकडेही समाचाराला आलेल्यांपैकी एकाने तेच वाक्य म्हटले होते, आणि आई चहा करायला म्हणून आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलीच नाही. मला आता असे वाटते की हे वाक्य फक्त स्वतःविषयी म्हणता येते, दुसऱ्याविषयी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

खाडीपलीकडे (बाणकोट परिसर) :

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. निसर्ग वादळात आमच्या बाजूचेही माड-सुपारी गेले, मंडणगड आणि दापोली तालुक्यांतल्या आगरांची अवस्था आपल्यासारखीच होती. माझ्या वडिलांनी त्या वेळी घराच्या ओसरीवर बसून जे सांगितले ते येथे लिहावेसे वाटते.

आमच्यात अल्लाहवर विसंबण्याला तवक्कुल म्हणतात. त्याविषयीची एक हदीस, म्हणजे पैगंबरांची सांगितली जाणारी उक्ती, आमच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. एका माणसाने पैगंबरांना विचारले की, मी उंट बांधून अल्लाहवर विसंबू की मोकळा सोडून विसंबू? त्यांनी सांगितले, आधी बांध, मग विसंब. बंदरकाठ यांनी होडीविषयी जे लिहिले ते हेच आहे, फक्त आमच्याकडे उंटाच्या जागी होडी आली. खाडीकाठच्या आमच्या दालदी (मुस्लिम मच्छीमार) भावंडांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परंतु आपल्या आईंविषयी वाचताना मला दुसरी हदीस आठवली. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावून टाकावे, असा तिचा आशय आहे. लहानपणी मला यात काही हशील वाटत नसे, कारण जग संपणार असेल तर रोप वाढणार कधी? वडिलांनी वादळानंतर तिचा अर्थ असा लावला की रोपाचे पुढे काय होणार हे लावणाऱ्याला विचारलेलेच नाही. त्याच्या हातात रोप आहे एवढेच विचारलेले आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या पावसाळ्यात त्यांनी बाणवली जातीचे अकरा माड लावले. त्यांचा इंतकाल २०२३ साली झाला, माडांना अजून पोय आलेली नाही, आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालताना मला वडिलांचा सहवास असल्यासारखे वाटते. आपल्या आईंनी ही हदीस ऐकलेली नसेल, तरी त्यांनी ती पाळली.

वाळूतली घरटी (मंडणगड तालुका) :

कातळसडा यांच्या प्रश्नाला मी कासवांच्या वाटेने उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे बघतही नाही. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले स्वतःच वर येतात आणि उजेडाच्या दिशेने समुद्राकडे चालू लागतात. आईचा चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नसतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण इतके पूर्ण विसंबणे मी माणसांत पाहिलेले नव्हते.

पण पुढची गोष्ट अशी की आमच्या किनाऱ्यावर पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, कोल्हे-कुत्री उकरत, आणि पिल्ले समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. आता घरटे सापडले की अंडी कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात हलवतात. तो खड्डा मादीने केला होता तेवढाच खोल ठेवावा लागतो, कारण वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. म्हणजे आपण मदत करायची तीही त्या रचनेच्या मापाने.

तेव्हा देवाची जागा लहान होते का? मला तसे अनुभवाला आले नाही. एका बाजूला देवाचे आणि दुसऱ्या बाजूला माणसाचे, अशी मधे कुंपण घालून वाटणी मला तिथे कधी दिसली नाही. पूर्वी अंडी काढणाऱ्या हातांतलेच काही हात आज पहाटे किनारा चालून घरटी शोधतात. त्या माणसांचे मन पालटले, ही माझ्या मते त्या पिल्लांसाठी झालेली सोयच आहे, आणि ती कोणी केली असे विचाराल तर मी देवाचेच नाव घेईन. यातली बहुतेक पिल्ले पुढे समुद्रात मरतात, हजारातून एखादेच मोठे होते असे सांगितले जाते, हेही मला ठाऊक आहे. ते मला खुपते. तरीही मार्च महिन्यात मी टोपली घेऊन जाते.

वसईची वाडी :

डोंगरावरील प्रवचनात येशू आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगतो. ती पेरीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी पिता त्यांना खाऊ घालतो. आमच्या वाडीत फुलांची आणि केळीची शेती करणारे माझे वडील हे वचन वाचले की नेहमी एक भर घालत असत : घरट्यात आणून टाकत मात्र नाही, उडून जावेच लागते. सह्याद्रीत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे फटीतून तिला फळे भरवतो, हे समजल्यापासून मला त्या वचनात तो नरही दिसू लागला आहे.

मोहोर (देवगड) :

आम्ही हापूसवाले. आमच्या पेशात श्रद्धेची परीक्षा डिसेंबरपासून मेपर्यंत रोज होते, म्हणून थोडे लिहितो.

कलमाच्या एका तुऱ्याला शेकडो, कधी हजाराहून अधिक फुले येतात. त्यांतली बहुसंख्य नर असतात, उरलेल्यांतली थोडी धरतात, धरलेल्या कणीतली बरीच गळते, आणि शेवटी तुऱ्याला एखाद-दुसरा आंबा राहतो. पुरेशी थंडी पडली नाही तर मोहोर लांबतो, ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे आणि भुरी येते, मार्चमध्ये अचानक उष्णता वाढली तर फळ भाजते, आणि अवेळी पाऊस आला तर होते-नव्हते जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही फवारण्या करतो. त्याच्यावरही बऱ्याच गोष्टी उरतात, ज्यांना फवारणी नाही.

माझ्या घरात एक वाद झाला होता. हवामानावर आधारित फळपीक विमा घ्यावा, असे मी म्हटले, तेव्हा काकांना वाटले की हा देवावरचा अविश्वास आहे. मी त्यांना आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हाखालचे शब्द दाखवले. "योगक्षेमं वहाम्यहम्" हे गीतेच्या नवव्या अध्यायातले भगवंताचे आश्वासन आहे. नसलेले मिळवून देणे तो योग आणि असलेले राखणे ते क्षेम. काका बराच वेळ त्या शब्दांकडे बघत राहिले. मग म्हणाले, राखायचे त्याने कबूल केले आहे, कोणाच्या हातून ते सांगितलेले नाही. विमा घेतला.

आणि गावच्या देवळात गाऱ्हाणे घालतात ते एकदा नीट ऐकावे, अशी माझी विनंती आहे. गुरव किंवा मानकरी देवाला उभ्या गावाचे सांगतो : मुलेबाळे, गुरेढोरे, मुंबईला गेलेले चाकरमानी, चुकलेमाकलेले, आणि प्रत्येक ओळीला सगळे मिळून "व्हय महाराजा" म्हणतात. त्यात माझ्या बागेला आंबा येऊ दे आणि शेजाऱ्याच्या नको, असे मागताच येत नाही. मोठ्याने, सर्वांसमक्ष मागावे लागते. लहानपणापासून मी ते ऐकत आलो आणि माझ्या मते माझे मागणे हळूहळू त्यामुळेच बदलले. आंबा कमी आला त्या वर्षीही मी "व्हय महाराजा" म्हटले, आणि ते खोटे नव्हते.

कातळसडा :

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी मूळ शंका तशीच आहे : तळियेच्या माणसांना कोणत्या व्यवस्थेत बसवायचे, हे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगण्याचा प्रयत्न केला नाही याबद्दल मी आभारी आहे. पण वेळासच्या ताईंनी लिहिलेले, अंडी काढणारे हात घरटी शोधू लागले ते, मनात राहिले. त्या चिखलातही अनेक अनोळखी हात होते, शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले, नाव न सांगता फावडे घेऊन उभे राहिलेले. त्यांना कोणी पाठवले असे मी तेव्हा विचारले नव्हते.

सुपारीचे आगर :

काल रात्री हा सगळा धागा मी आईला वाचून दाखवला. बाणकोटच्या वडिलांचे अकरा माड ऐकताना तिने मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. त्या माडांना मीठ घालता का, असे तिने विचारले आहे, खाडीपलीकडे यांनी कृपया कळवावे.

पाऊस आणि वादळ यांचा माझा प्रश्न मी तिला थेट विचारला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की वादळ झाले त्या रात्री तिने देवाशी भांडण केले होते, दिवा न लावता, अंधारात, आणि मी झोपलो आहे असे तिला वाटले होते. "उत्तर दिले का त्याने?" असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही. पण भांडायला तोच होता ना समोर. दुसऱ्या कोणाशी भांडणार होते मी?" याच्यापुढे मी काही विचारले नाही.

उभ्या राहिलेल्या साठ-बासष्ट झाडांपैकी चार यंदा कमजोर दिसत आहेत. त्यांच्या जागी घालायला रोपे सांगून ठेवली आहेत. मृग लागायच्या आत खड्डे तयार हवेत, असे तिचे म्हणणे आहे, त्यामुळे पुढचे काही दिवस येथे येणे जमणार नाही.